मानाचं यार्ड

गुरुलिंगाला यार्डावर का नेमलं हे सांगायचं, तर त्याला काय काय येत नव्हतं तिथनं सुरुवात करावी लागते. नांगर धरला की तास वाकडं जायचं. किराणा दुकानात बसवला तर गिऱ्हाईक गप्प आणि हाच बोलतोय. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं, तेव्हा ह्यानं पहिल्याच आठवड्यात आपल्याच अंगठ्यावर हातोडा हाणून घेतला आणि उरलेला दुष्काळ पाण्याच्या टाकीपाशी बसून, आधी कुणी प्यायचं ते ठरवण्यात काढला. हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं. पण माणसं तहानेली असली की 'आता तू, मग तू' म्हणणारा एक जण खपून जातो, तसा तो खपला.

त्याच्या घराण्यात विद्या ती एवढीच. पोळ्याला वेशीतनं कुणाची जोडी आधी जाणार, कुणाची तिच्यामागं, दोन भाऊबंद एकाच वेळी वेशीपाशी आले तर कुणाच्या बैलाचं शिंग पुढं धरायचं, हे आधी त्याचा आजा सांगायचा, मग बाप, आणि आता हा. त्याच्या स्वतःच्या दावणीची जनावरं बहात्तरातच चाऱ्यावाचून गेली. त्यानंतर घरात बैल सोडा, शेळीसुद्धा आली नाही. तरी पोळ्याच्या दिवशी हा कडक टोपी घालून वेशीत हजर. त्याची बायको रुद्रम्मा कानडी मुलखातली. ती म्हणायची, ह्यांचं म्हंजे लग्न लोकाचं आणि हळद ह्यांच्या अंगाला.

पंच्याऐंशी-शहाऐंशीला पावसानं पुन्हा तोंड काळं केलं. ज्वारी गुडघ्यावर येऊन करपली. पण चिंचेला दुष्काळ कळत नाही. बांधाबांधावरची झाडं लगडून वाकली होती. आणि कुणीतरी अण्णारावाच्या कानात सांगितलं, की तिकडं अरबांच्या मुलखात चिंच सोन्यासारखी खपते.

अण्णारावाचा हात आजवर दोन सोसायट्यांना लागला होता. एक दुधाची होती, ती आटली. एक मागाची होती, तिचे माग कुठं गेले ते मागवाल्यांनाही ठाऊक नाही. पण सहकार म्हटलं की अण्णारावाच्या अंगात यायचं. त्यानं नळदुर्गाच्या अलीकडं, हैदराबाद रस्त्याला लागून, चिंच निर्यात संघ काढला आणि स्वतः चेअरमन झाला. उद्‌घाटनाच्या फलकावर जहाज काढलं होतं. पेंटरनं समुद्र बघितला नव्हता. त्याचं जहाज धुराडं लावलेल्या साखर कारखान्यासारखं दिसत होतं. लोकांनी त्यालाच हार घातला.

संघाला जागा लागली, ती अण्णारावाच्या मेव्हण्याची निघाली. रस्त्याला तोंड एका फाटकापुरतं आणि आत लांबच लांब पट्टी. एका अंगाला आणि टोकाला दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला जुनी खदान. तिथं कुसळही उगवत नव्हतं म्हणून मेव्हण्यानं ती सहकाराला दिली. तिला यार्ड म्हणायचं ठरलं.

आणि एके दिवशी मुंबईहून डबे आले. कंटेनर हा शब्द कागदावर. गावानं बघितल्याबरोबर डबा म्हणून टाकलं. पत्र्याची खोलीच चाकावर ठेवलेली. पुढं ओढणारं इंजिन निराळं, त्याला डायवर लोक घोडा म्हणायचे. घोडा डबा आणून सोडणार, आपण जाणार, आणि डबा भरला की परत न्यायला येणार. असे पाच डबे. चार डबे, चेअरमन धरून, चार गावांच्या डायरेक्टरांचे. पाचवा मालनबाईचा.

मालनबाई बौद्धवाड्यातली. चिंच फोडणाऱ्या बायांची ती मुकादम. तिनं वाड्यातल्या बाया गोळा करून महिला मंडळ काढलं, चिंचेची झाडं मोहरावरच बोलीनं घेतली आणि संघाचं सभासदत्व मागितलं. डायरेक्टरांनी आधी नाकं मुरडली. मग कुणा साहेबानं विचारलं, की तुमच्या संघात महिला कुठं दिसत नाहीत. त्यासरशी अण्णारावाला महिलांचा कळवळा आला आणि मालनबाईला डबा मिळाला.

डबे रस्त्यावर उभे राहिले आणि भांडण लागलं. आत आधी कुणाचा जाणार? डायरेक्टरांतला आबाराव म्हणाला, माझ्या गावची चिंच जास्त. अण्णाराव म्हणाला, संघ कुणी काढला? दुसरे दोघं कुणाच्याच बाजूचे नव्हते, म्हणून जास्त ओरडत होते. शेवटी अण्णारावालाच आठवण झाली, म्हणाला, गुरुलिंगाला बोलवा. कुणी कुणाच्या मागं उभं राहायचं ह्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही.

गुरुलिंग कडक टोपी घालून आला. त्यानं डब्यांभोवती एक फेरी मारली, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी पत्र्यावर थाप मारली आणि निवाडा दिला: चेअरमनचा पहिला, आबारावाचा दुसरा, पुढं दोघं वयाच्या मानानं, आणि बायांचा शेवटी. आणि डबा तोंड पुढं करूनच आत जाईल. गुलाब नावाचा डायवर होता, तो म्हणाला, मागं सरकवत नेतो, म्हंजे काढताना सोपं जाईल. गुरुलिंगानं त्याच्याकडं असं बघितलं की जसा काही तो नवरदेवाला उलटा घोड्यावर बसवा म्हणत होता. वेशीत ढुंगण पुढं करून कुठला बैल जातो?

झालं. नारळ फुटला, हलगी वाजली, अण्णारावाचा डबा पहिल्या मानानं आत शिरला आणि मान होता म्हणून थेट टोकाला, भिंतीला नाक लावून उभा राहिला. घोडा सुटून खदानीच्या कडेकडेनं जीव मुठीत धरून बाहेर आला. मग आबारावाचा. मग उरलेले. सगळ्यात शेवटी मालनबाईचा, फाटकाच्या तोंडाशी. त्याची मागची चाकं जेमतेम आत होती.

मालनबाई म्हणाली, आमाला उंबऱ्यातच बसवलं म्हणायचं.

गुरुलिंग म्हणाला, आत घेतलंय हे काय कमी हाय?

त्या क्षणी तिथं चार डायरेक्टर-बियरेक्टर, तीन डायवर आणि शे-दीडशे माणूस उभं होतं. पहिला आत गेलेला शेवटी बाहेर येणार, हे त्यातल्या एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. गुलाबच्या शिरलं असेल, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि फुकट शहाणपण सांगायची त्याची सवय नव्हती.

मग सुरू झालं गुरुलिंगाचं राज्य. संघानं त्याला खुर्ची दिली, शिट्टी दिली. त्यानं चुन्याच्या रेघा मारल्या. ह्या रेघेच्या आत चप्पल काढा, त्या रेघेच्या आत बिडी विझवा. हमालानं पोतं टेकवायचं तरी विचारून. ढाब्यावरचं पोरगंटोरगं चहा घेऊन आलं तरी फाटकात उभं राहून 'येऊ का साहेब' म्हणायचं. साहेब हा शब्द कानावर पडला की गुरुलिंगाचं अंग चार बोटं फुगायचं. घरी गेला तरी रुद्रम्माला सांगायचा, तांब्या हितं न्हाय, तितं ठेव. यार्ड होतं म्हणून तो गुरुलिंगसाहेब होता. यार्डातलं एक पान त्याला न विचारता हललं, तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बिनबैलाचा टोपीवाला. हे त्याला पुरतं ठाऊक होतं आणि त्याच भ्यानं तो रात्रंदिवस शिट्टी गळ्यात घालून झोपायचा.

डबे भरायला लागले. चिंच फोडायची, चिंचोके काढायचे, गोळे दाबून पोत्यात भरायचे आणि पोती फाटकापासनं डोक्यावर न्यायची. मालनबाईचा डबा फाटकातच, त्यामुळं तो आधी भरला. अण्णारावाचा मान टोकाला, त्यामुळं हमाल तिथवर जाईस्तोवर अर्धे वाटेतच सावलीला बसायचे. तो सगळ्यात मागनं भरला.

डबे भरले तोवर उन्हाळा ऐन भरात आला होता. मुंबईच्या एजंटाचा फोन आला, की जहाज लागतंय, भरलेले डबे ताबडतोब पाठवा, एकदा ते सुटलं की पुढं लवकर जागा नाही. पाठोपाठ गुलाब आणि आणखी एक डायवर घोडे घेऊन हजर झाले. गुलाबनं फाटकात उभं राहून आत नजर टाकली आणि म्हणाला, हा दारातला आधी काढतो, मग एकेक.

"आधी?" गुरुलिंगाच्या तोंडची शिट्टी खाली पडली. "चेअरमनसायबाच्या आधी?"

गुलाब म्हणाला, सायबाचा आधी काढायचा तर वरनं उचलायला लागंल, तेवढं माझ्या घोड्याला पंख न्हाईत.

गुरुलिंग धावत अण्णारावाकडं गेला. अण्णाराव पेपर वाचत होता. तो शांतपणे म्हणाला, माझ्या डब्याच्या आधी फाटकातनं एक डबा गेला, तर यार्डावर दुसरा माणूस ठेवीन. आबाराव म्हणाला, माझं काही म्हणणं नाही, पण मी दुसरा आत गेलोय तेव्हा दुसराच बाहेर पडेन, तिसरा नाही. उरलेल्या दोघांनीही आपापले नंबर सांगितले. चौघांचेही नंबर नियमाप्रमाणं बरोबर होते. चौघांचे मान संभाळायचे तर एकही डबा हलत नव्हता.

डायवर ढाब्यावर जाऊन खाटेवर पडले. यार्डात पत्रा तापून तापून ठिणगी पडायची बाकी राहिली. डब्याच्या तळातनं चिंचेचा तपकिरी रस ठिबकायला लागला. त्याला मुंगळे लागले, मुंगळ्यांना बघून गांधीलमाश्या आल्या. आंबूस वास ढाब्यापर्यंत गेला. तिथं ट्रकवाले विचारायला लागले, आज आमटीला काय घातलंय. गुरुलिंग मात्र गळणाऱ्या रसाभोवतीसुद्धा चुन्याची रेघ मारत बसला.

तेव्हा मालनबाई आली. एकटी नव्हती, मागं तिच्या सगळ्या बाया, हाताला चिंच फोडायच्या आकड्या तशाच. तिनं चप्पल न काढता चुन्याची रेघ ओलांडली. गुरुलिंग उठून उभा राहिला.

"मालने, रेघ."

"दिसली मला. गुलाबभाऊला उठीवलंय म्या. घोडा जोडून डबा नेतो आमी."

"कुणाला इचारून?"

"तुमाला सांगाया तर आले. आमच्या बायांचे हात बघा हे, सालं निघाल्यात. तुमच्या मानापायी चिंच मुंगळ्याला घालू व्हय?"

गुरुलिंगानं तिला आधी दरडावलं, मग समजावलं, की मानाची गोष्ट आहे, तुला कळायची नाही.

"मान?" मालनबाई हसली. "आप्पा, तुमचा मान आमी पिढ्यान् पिढ्या बघितलाय. आमाला मागं उभं करायचा मान. आता आमी मागं ऱ्हायलो म्हणून दारात हाव, त्याला आमचा काय इलाज? तुमीच बसवलंत हितं. चेअरमन कुठं बसलाय बघा, भिंतीला नाक लावून, आगाऊ पोराला मास्तरनं उभं करावं तसा."

बाया हसल्या. फाटकाबाहेर गुलाबचा घोडा घुरघुरायला लागला होता. डबा जाणारच, हे गुरुलिंगाला कळलं. आपल्याला न विचारता गेला, तर यार्ड गेलं. आपण जाऊ दिला, तरी अण्णाराव यार्ड काढून घेणार. माणूस असा दोन्हीकडनं चेपला की त्याला कधी कधी अक्कल सुचते. गुरुलिंगाला अक्कल नसल्यामुळं त्याला दुसरंच काहीतरी सुचलं.

"मालनबाई, जरा दम धरा," तो म्हणाला. तिचं 'मालने'चं 'मालनबाई' झालेलं तिनं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले. तो गुलाबकडं वळला. "डबा निघणार कसा? सरळ, का उलटा?"

"उलटाच," गुलाब म्हणाला. "तोंड आतल्या अंगाला करून उभा केलाय तुमीच. मी कडेनं आत शिरणार, घोडा जोडणार आणि ढकलत मागं सरणार. फिरवाया गेलो तर खदानीत."

गुरुलिंगाचा चेहरा उजळला. तो पुन्हा धावत अण्णारावाकडं गेला आणि दारातनंच म्हणाला, सायेब, तुळजापुरात आईचं दर्शन झाल्यावर आपण बाहेर कसं येतो?

अण्णाराव म्हणाला, पायानं.

"आईला पाठ दावत न्हाय आपण. तिच्याकडं तोंड करून मागं मागं सरतो. ते काय आईच्या आधी जाणं हाय व्हय? तसा ह्यो डबा. तोंड तुमच्या डब्याकडं. मागं मागं सरंल. ह्येला निघणं म्हणत न्हाईत, ह्येला आज्ञा घेणं म्हणत्यात."

अण्णारावानं पेपर खाली ठेवला. थोडा वेळ छताकडं बघितलं. एकेक डबा आपल्या डब्यापुढं वाकत वाकत मागं सरतोय, हे त्याच्या डोळ्यापुढं आलं असणार, कारण त्याचा चेहरा नैवेद्य पोचल्यासारखा झाला. तो म्हणाला, मग शास्त्राप्रमाणं होऊ दे.

शास्त्राप्रमाणं झालं. गुलाबनं घोडा खदानीच्या कडेनं आत घातला, डब्याला जोडला. गुरुलिंगानं त्याला टोकाच्या डब्याच्या दिशेनं तीनदा हॉर्न वाजवायला लावला, ती आज्ञा. मग शिट्टी फुंकत, हात हलवत, अठरा टन चिंच ढुंगणावर चालवत त्यानं हैदराबाद रस्त्यावर आणली. दोन्हीकडनं ट्रक अडले. डायवर लोकांनी गुरुलिंगाच्या आईबापाची जी आठवण काढली, ती त्याला जयजयकारासारखी वाटली. मालनबाई डब्याबरोबर चालत रस्त्यापर्यंत आली आणि बायांना म्हणाली, बघा गं, आपली चिंच किती संस्कारी हाय.

तिचा डबा जहाजावर चढला. त्यामागचे दोन डबेही आज्ञा घेत घेत गेले आणि कसेबसे पोचले. आबारावाचा पोचला तेव्हा जहाजावर चढायची शिडी काढत होते म्हणे, चढला एकदाचा. अण्णारावाचा डबा सगळ्यात शेवटी निघाला. तोही उलटाच. त्याच्यासमोर आता भिंतच उरली होती, तेव्हा तो कुणाची आज्ञा घेत होता हे विचारायची कुणाची टाप नव्हती. हॉर्न मात्र तीनदा वाजला. तो गोदीत पोचला, तेव्हा समुद्र तेवढा होता, जहाज नव्हतं. चिंच उन्हात पडून पाक झाली आणि शेवटी तिथल्याच कुणा चटणीवाल्यानं उचलली.

संघाच्या सभेत अण्णाराव उभा राहिला आणि गहिवरून म्हणाला, सगळ्यांना पुढं घालून मी स्वतः मागं राहिलो. टाळ्या पडल्या. गुरुलिंगाला यार्डावर कायम करण्यात आलं. त्या दिवशी त्यानं घरी जाताना रुद्रम्माला लुगडं नेलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, ह्येचं तोंड कुठल्या अंगाला?

पुढच्या साली पुन्हा चिंच, पुन्हा डबे. एवढ्या अवधीत मात्र डायरेक्टरांच्या डोक्यात उजेड पडला होता. दारातला डबा आधी जातो. डबे रस्त्यावर लागले तेव्हा अण्णाराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की मोठ्या माणसानं मागं राहावं हीच आपली रीत. आबाराव म्हणाला, वयानं मी मोठा, मी तुमच्याही मागं राहीन. उरलेले दोघंही एकदम नम्र झाले. आदल्या साली पहिल्या मानासाठी जेवढ्या शिव्या झाल्या होत्या, तेवढ्याच आता शेवटच्या मानासाठी झाल्या.

मग सगळ्यांच्या नजरा मालनबाईकडं वळल्या. अण्णारावानं महिलांच्या उन्नतीवर छोटंसं भाषण केलं. पहिला मान माताभगिनींचा, म्हणाला. नारळ आणलेलाच होता. गुरुलिंग तो नारळ हातात घेऊन तिच्यापुढं आला, अर्धा वाकून.

"मालनबाई, या. तुमचा डबा आधी आत. पयला मान."

"न्हाय बा," मालनबाई म्हणाली. "एवढा मोठा मान आमाला झेपायचा न्हाय. आमचा डबा रस्त्याच्या कडंलाच ऱ्हाईल. ढाबेवाल्याला इचारलंय म्या. तिथंच भरू, तिथनंच जाऊ."

"यार्ड असताना रस्त्यावर?" गुरुलिंगाच्या आवाजात खरं दुःख होतं.

"यार्ड तुमाला लखलाभ, आप्पा."

तिनं डबा ढाब्याच्या अंगणात, लिंबाच्या सावलीला लावला. गुलाबनं तोंड मुंबईकडं करून ठेवला. आता रस्त्यावर चार डबे उरले. अण्णाराव म्हणाला, आबाराव, तुम्ही व्हा पुढं. आबाराव म्हणाला, छे छे, आधी तुम्ही. तिसरा म्हणाला, थोरल्यांच्या आधी मी पाय टाकणार नाही. चौथ्यानं तर हात जोडले. बघता बघता डबे फाटकाबाहेर रांग धरून उभे राहिले आणि चारही डायरेक्टर आपापल्या डब्याच्या सावलीत सतरंज्या टाकून बसले, की आज ना उद्या कुणाचा तरी धीर सुटेल.

कुणाचा सुटला नाही. मालनबाईचा डबा भरून, कुलूप लागून मुंबईला गेला. चौघांचे रस्त्यावर रिकामेच तापत राहिले.

गुरुलिंगानं फाटक सताड उघडं ठेवलं होतं. आतली सगळी पट्टी त्यानं झाडून घेतली, नव्या चुन्याच्या रेघा मारल्या, भिंतीपासनं फाटकापर्यंत एक, दोन, तीन, चार अशा जागा आखल्या. मधनंच तो शिट्टी फुंकायचा आणि 'या, या' म्हणून हात हलवायचा. खदानीतनं शिट्टीचा आवाज परत यायचा.

दुपारी रुद्रम्मा भाकर घेऊन आली आणि फाटकाबाहेर थांबली. त्यानं तिला आत बोलावलं. म्हणाला, ये की, ही जागा बघ किती मोकळी केली.

रुद्रम्मानं त्या लांबलचक रिकाम्या पट्टीवर नजर टाकली. "अय्य शिवा," ती म्हणाली, "म्या न्हाय येत. आधी शिरलं की तुमी मागनं कवा बाहेर काढाल, नेम न्हाय."

तिनं फडकं फाटकाच्या दगडावर ठेवलं आणि ती चालू लागली. गुरुलिंगानं भाकरीकडं बघितलं, बाहेरच्या रांगेकडं बघितलं. त्यानं पाऊल बाहेर टाकलं असतं तर यार्डात कुणीच उरलं नसतं. म्हणून तो आत उभा राहिला, आणि भाकर दारात.